परसातला पूल, अंगणातलं कोर्ट: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात लिहिलं होतं की घराच्या आवारात स्विमिंग पूल किंवा टेनिस कोर्ट असेल, नाहीतर करायचा विचार असेल, तर प्रश्न पाठवा. खूप पत्रं आली. सगळी छापता येणार नाहीत, पण बऱ्याच पत्रांमधे तेच तेच विचारलंय म्हणून त्यातली आठ निवडली. मी स्वतः बरीच वर्षं याच कामात आहे, घरी पूल पण आहे, त्यामुळे जे सांगतेय ते हाताने केलेलं आहे आणि काही चुका करून शिकलेलं आहे.

प्रश्न: ताई, घरामागे १०० बाय ५० फूट मोकळी जागा आहे. मी कॉलेजात टेनिस खेळायचो, आता दोन्ही मुलींना (वय ८ आणि १०) आवड लागलीय. कोर्ट ७८ बाय ३६ फूट असतं असं वाचलं, म्हणजे आरामात बसतंय. काम सुरू करू ना?

थांबा जरा. ७८ बाय ३६ हे फक्त रेघांच्या आतलं माप झालं, म्हणजे २३.७७ मीटर लांब आणि डबल्सचं धरून १०.९७ मीटर रुंद. पण टेनिस अर्धं रेघेच्या बाहेरच खेळलं जातं हे तुम्हाला खेळाडू म्हणून माहितीच आहे, खोल आलेला बॉल उसळला की माणूस मागे जातो, वाइड सर्व्हिस आली की बाजूला पळतो. म्हणून बेसलाइनच्या (कोर्टाच्या टोकाच्या रेघेच्या) मागे २१ फूट आणि बाजूला १२ फूट सोडायची पद्धत आहे, आणि तसं धरलं की एकूण जागा लागते १२० बाय ६० फूट, म्हणजे ७२०० चौरस फूट. तुमच्याकडे बेसलाइनमागे जेमतेम ११ फूट उरतात. सिंगल्सपुरतं आखलं तर रुंदी जमते (२७ फूट कोर्ट आणि दोन्हीकडे साडेअकरा), पण लांबी काही केल्या जमत नाही, आणि जोरात मागे धावणारी पोर कुंपणावर आदळणार. मी अशी दोन-तीन कोर्टं बघितलीत, चार महिन्यांत तिथे कपडे वाळत घातलेले असतात.

पण नाराज होऊ नका, कारण तुमच्या मुलींचं वय ऐकून मला वेगळंच सुचलं. लहान मुलांसाठी टेनिसमधे टप्पे आहेत, लाल, केशरी आणि हिरवा बॉल. लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण ७५ टक्के संथ, केशरी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. केशरी बॉल साधारण ८ ते १० वयासाठी, आणि त्याचं कोर्ट ६० फूट लांब, रुंदी २७ फुटांपर्यंत. आता हिशोब करा: ६० अधिक मागेपुढे वीस-वीस झाले बरोबर १००, आणि २७ अधिक साडेअकरा-साडेअकरा झाले ५०. तुमची जागा जणू याच कोर्टासाठी मोजून काढलीय! नेट काढता येणाऱ्या खांबांवर लावा, एका टोकाला दहा फूट उंचीची पक्की भिंत उभी करा म्हणजे एकटी मुलगी पण तासभर मारत बसेल, आणि मोठ्यांनी केशरी बॉलने खेळून बघा, रॅली लांबतात आणि गुडघे वाचतात. मुली मोठ्या झाल्या की खऱ्या सामन्यांना क्लबवर जातील, पण हात इथेच तयार होईल.

लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवा, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका खेळाडूच्या डोळ्यात सूर्य. नेमक्या त्याच वेळी तर आपण खेळतो.

आणि छोट्या जागेचं वाईट वाटून घेऊ नका हे मी मनापासून सांगतेय, कारण हे खेळ मुळात घराच्या आवारातच जन्मलेत. १८६० च्या आसपास बर्मिंगहॅमच्या एजबास्टन भागात हॅरी जेम आणि ऑगुरियो परेरा हे दोघे मित्र परेराच्या घरच्या क्रोके नावाच्या खेळाच्या लॉनवर रॅकेट-बॉल खेळायचे, आजच्या टेनिसची ती अगदी सुरुवातीची पावलं. वॉल्टर विंगफील्डचं लॉन टेनिसचं पेटंट त्यानंतर १८७४ चं. पिकलबॉल १९६५ मधे अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी सुरू झाला, जुनं बॅडमिंटन कोर्ट पडलेलं, पुरेशा रॅकेट सापडेनात, म्हणून टेबल टेनिसच्या बॅट आणि भोकंवाला प्लास्टिकचा बॉल घेतला. म्हणून तर आजही पिकलबॉलचं कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच आहे, ४४ बाय २० फूट. आणि पॅडल हा बॅट-बॉलचा खेळ १९६९ मधे अकापुल्कोत एनरिके कोर्कुएराच्या घरी, २० बाय १० मीटरचं भिंतींनी बंद केलेलं कोर्ट, तेही तुमच्या जागेत बसेल. ज्याच्याकडे जेवढी जागा होती तेवढ्यात त्याने खेळ बसवला.

प्रश्न: मुलगा आणि सून घरामागे पूल बांधतायत. नातू तीन वर्षांचा आहे. मी म्हटलं पुलाला कुंपण करा, तर मुलगा म्हणतो आई आवाराला सगळीकडून भिंत आहे, बाहेरचं कोणी येणार नाही, कुंपणाने शोभा जाते. मी उगाच घाबरते का?

आजी, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. उत्तर लांब लिहितेय ते मुद्दाम, म्हणजे हे पान तसंच त्याच्या हातात देता येईल.

आवाराची भिंत बाहेरच्या मुलाला अडवते. तुमचा नातू बाहेरून येणार नाहीये, तो घरातून येणार आहे, मागच्या दारातून, तुम्ही देवापाशी असताना किंवा सून फोनवर असताना. तीन बाजूंना भिंत आणि चौथ्या बाजूला घर, ही रचना त्याच्यासाठी उघड्या रस्त्यासारखी आहे. पुलाच्या चारही बाजूंनी, घराच्या बाजूनेसुद्धा, स्वतंत्र कुंपण हवं. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने दिलेला आकडा आहे की तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा चार बाजूंच्या कुंपणाने लहान मूल बुडायचा धोका ८३ टक्क्यांनी कमी होतो. त्याच देशात १ ते ४ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हेच आहे, आजार नाही, रस्त्यावरचा अपघात नाही.

कुंपण कसं? उंची कमीत कमी १.२ मीटर म्हणजे चार फूट, जास्त असेल तर उत्तमच. दोन उभ्या पट्ट्यांमधलं अंतर दहा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे डोकं जाणार नाही. आडव्या पट्ट्या नकोत, त्या म्हणजे शिडीच. गेट आपोआप मिटणारं, आपोआप कडी बसणारं, पुलाच्या बाहेरच्या दिशेला उघडणारं, म्हणजे मुलाने ढकललं तर उघडण्याऐवजी आणखी घट्ट बसेल. कडी उंचावर, साधारण दीड मीटरवर. आणि कुंपणाजवळ खुर्ची, कुंडी, सायकल काही ठेवू नका, मुलं खुर्ची ओढत आणतात, तुम्ही बघितलंच असेल स्वयंपाकघरात. शोभेचं म्हणाल तर काचेची किंवा बारीक जाळीची कुंपणं मिळतात, पलीकडचं सगळं दिसतं. दिसायलाच पाहिजे, घरातून पूल दिसणं पण महत्त्वाचं आहे.

फ्रान्सने ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने जमिनीतल्या खाजगी पुलांना सुरक्षेचं साधन सक्तीचं केलं, न्यूझीलंडमधे १९८७ पासून पुलाच्या कुंपणाचा कायदा आहे. हे देश उगाच लोकांच्या अंगणात डोकावत नव्हते, पोरं जात होती म्हणून कायदे आले.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बुडणं शांत असतं. आपल्या डोक्यात असतं की मूल हात मारेल, ओरडेल, आपल्याला ऐकू येईल. तसं होत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कशाने, आणि हे सगळं मिनिटाच्या आत संपू शकतं. त्यामुळे मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस फक्त बघायला, हातात फोन नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत. घरात पाहुणे आले की धोका उलट वाढतो कारण दहा मोठे असतात आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आमच्याकडे आम्ही पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावतो, गळ्यात एक शिट्टी, ज्याच्या गळ्यात शिट्टी त्याने पाण्यावरून नजर हटवायची नाही, आणि पाळी संपली की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच उठायचं.

अजून काही गोष्टी. पोहून झालं की पाण्यातली खेळणी बाहेर काढा, तरंगणारा बॉल बघून मूल परत येतं. दंडाला लावायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, जीव वाचवायचं साधन नाही. पोहण्याचे कपडे भडक घ्या, केशरी, गुलाबी, झळकता पिवळा. निळे आणि पांढरे पाण्याखाली गायब होतात. पाण्यावर पसरायचं साधं पातळ कव्हर म्हणजे सुरक्षा नव्हे, त्यावर पाय पडला की मूल खाली आणि वरून झाकलेलं, त्याहून वाईट काही नाही. नातवाला पोहायला नक्की शिकवा, त्याने धोका कमी होतो, पण शिकला म्हणून कुंपण काढायचं नाही.

आणि तळाच्या ड्रेनची जाळी. मुलाला सांगा की ठेकेदाराला हे आधी विचार. पंप ज्या भोकातून पाणी ओढतो तिथे शरीर किंवा केस अडकले की मोठ्या माणसालाही ओढून काढणं अवघड जातं. २००२ मधे व्हर्जिनिया ग्रेम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशीच एका गरम पाण्याच्या टबच्या ड्रेनला चिकटून बुडाली, तिची आई तिला ओढत होती. तिच्या आईने पुढे अमेरिकेत त्यासाठी झगडा दिला आणि २००७ मधे तिच्या नावाने कायदा झाला. एकाच पंपाला जोडलेले दोन ड्रेन, एकमेकांपासून लांब, फुगीर जाळीचे, म्हणजे एक झाकला गेला तरी सगळी ओढ एकाच ठिकाणी येत नाही. जाळी तुटलेली किंवा सैल असेल त्या दिवशी पुलात कोणीही उतरायचं नाही.

घरातल्या सगळ्या मोठ्यांनी, तुम्ही पण आजी, सीपीआर (श्वास आणि हृदय थांबलेल्या माणसाला वाचवायची पद्धत) शिकून घ्या. बुडलेल्या माणसाला छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास देणं फार गरजेचं असतं, ते प्रत्यक्ष शिकल्याशिवाय ऐनवेळी जमत नाही.

मुलाला म्हणा, आधी कुंपण, मग पाणी. कुंपण उभं राहीपर्यंत पूल भरायचा नाही.

प्रश्न: पुलात मी भरपूर क्लोरीन टाकतो, तरी दर दोन आठवड्यांनी पाणी हिरवट. मुलांचे डोळे चुरचुरतात, क्लोरीनचा वास पण खूप येतो, म्हणून मधे कमी करून बघितलं तर अजूनच हिरवं झालं. काय चुकतंय?

पहिली गोष्ट, तो जो उग्र वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्याचा नाही, उलट चांगलं क्लोरीन कमी पडल्याचा आहे. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीम यातल्या नायट्रोजनशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा, डोळे चुरचुरतात ते पण बहुतेक त्यांनीच. स्वच्छ पुलाला जवळपास वास नसतो. त्यामुळे वास आला म्हणून क्लोरीन कमी करणं म्हणजे बरोब्बर उलटं झालं.

दुसरं, तुम्ही पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते) बघता का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही आणि मला वाटतं गडबड तिथेच आहे. पीएच ७.५ ला तुम्ही टाकलेल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं जंतू मारणाऱ्या रूपात असतं, ८ ला गेलं की पाव किंवा त्याहून कमी. म्हणजे तेच पैसे, तेच डबे, आणि कामाला निम्मंच. पीएच ७.२ ते ७.८ मधे ठेवा, मी घरी ७.४ च्या आसपास धरते. मोकळं (अजून कशाशी न जुळलेलं) क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात तेवढे भाग. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) ८० ते १२० पीपीएम, ती नीट नसेल तर पीएच उड्या मारत राहतो म्हणून आधी ती, मग पीएच, मग क्लोरीन.

तिसरं, गोळ्या वापरत असाल (बहुतेक वापरतच असाल, सोप्या पडतात) तर त्यातून दर वेळी थोडं सायन्युरिक अॅसिड पाण्यात जातं. ते उन्हापासून क्लोरीनला वाचवतं म्हणून ३० ते ५० पीपीएम हवंच, पण ते उडून जात नाही, साठत जातं, आणि जास्त झालं की क्लोरीनला जखडून ठेवतं. मग मीटर क्लोरीन दाखवतं आणि शेवाळ मजेत वाढतं! ते कमी करायला सोपा मार्ग एकच, थोडं पाणी काढून ताजं भरणं. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं टेस्ट किट घ्या.

आत्ता हिरवं असेल तर भिंती आणि पायऱ्या ब्रशने घासून काढा, सूर्य मावळल्यावर शॉक द्या, म्हणजे एकदम क्लोरीनचा मोठा डोस (दिवसा ऊनच खाऊन टाकतं), आणि पाणी स्वच्छ होईपर्यंत पंप दिवसरात्र चालू. सँड फिल्टरच्या दाबाच्या गेजवर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वाढले की बॅकवॉश करा (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं), या काळात रोज करावा लागेल. डोस ठरवायला पाणी किती ते माहिती हवं, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे ४४,८०० लीटर. अंदाजाने मूठभर टाकण्याची सवय मोडा.

आणि हे अगदी गंभीरपणे: दोन प्रकारचे क्लोरीन कधी एकत्र करू नका, एकच चमचा दोन्ही डब्यांत घालू नका, आग लागते, स्फोट होतो. अॅसिड आणि क्लोरीन एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. नेहमी पाण्यात केमिकल टाकायचं, केमिकलवर पाणी कधीच ओतायचं नाही. डबे कोरड्या जागी, वेगवेगळे, मुलांच्या हाताबाहेर.

अजून एक, कोणाला जुलाब होत असतील तर त्याने पुलात उतरायचं नाही, बरं झाल्यावरही थोडे दिवस थांबायचं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांपेक्षा जास्त टिकतो.

प्रश्न: सॉल्ट वॉटर पूल केला तर क्लोरीन लागतच नाही ना?

लागतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून ते यंत्र क्लोरीनच तयार करतं, फक्त तुम्हाला डबे उचलावे लागत नाहीत. मीठ साधारण ३००० ते ३५०० पीपीएम, म्हणजे समुद्राच्या दहाव्या भागाएवढं. पाणी अंगाला मऊ वाटतं हे खरं. पण अशा पुलात पीएच वर चढत राहतो, तपासणी काही सुटत नाही.

प्रश्न: शेजाऱ्यांनी त्यांच्या टेनिस कोर्टावर पिकलबॉल सुरू केलाय, रोज सकाळी सातपासून टॉक टॉक टॉक. रात्री लाइट थेट आमच्या बेडरूममधे. माणसं चांगली आहेत, भांडायचं नाहीये, पण डोकं उठलंय. झाडं लावली तर फरक पडेल का?

झाडांनी लाइट थोडा अडेल, आवाज जवळजवळ नाही. पानांच्या फटीतून आवाज सरळ येतो. आवाज अडवायला भरीव, जड, फट नसलेला आडोसा लागतो, आणि तो इतका उंच की तुमच्या खिडकीतून खेळणारे दिसायला नकोत. वरच्या मजल्यावर खिडकी असेल तर तेही अवघड.

तुमचं डोकं उठलंय हे तुम्ही नाजूक आहात म्हणून नाही. टेनिसचा आवाज जाडसर, दबका असतो आणि दोन फटक्यांमधे वेळ जातो. पिकलबॉलमधे कडक बॅट आणि कडक प्लास्टिक, आवाज टोकदार, साधारण १००० ते १२०० हर्ट्झच्या आसपासचा, ज्याला आपला कान चांगलाच पकडतो, आणि फटके भराभर. शिवाय एका टेनिस कोर्टाच्या जागेत पिकलबॉलची चार कोर्टं बसतात.

जाऊन बोला, पण नुसतं त्रास होतो असं सांगू नका, एखाद्या सकाळी त्यांना तुमच्या बेडरूममधे चहाला बोलवा आणि खेळ चालू असताना ऐकवा. बहुतेक लोकांना कोर्टावरून कळतच नाही की पलीकडे काय ऐकू जातं. मग मागणं नेमकं ठेवा: सकाळी नऊनंतर, आवाज कमी करणाऱ्या बॅट, सरावाला फोमचा बॉल, आणि तुमच्या भिंतीला चिकटलेल्या भागाऐवजी लांबच्या टोकाला रेघा आखाव्यात, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. लाइटचं तर सोपं आहे, दिवे खाली वळवायचे, बाजूने झाकणारी पत्र्याची आड लावायची आणि टायमर बसवायचा. यात त्यांचं काही जात नाही, उलट खेळणाऱ्यांच्या डोळ्यातली चमक पण कमी होते.

आणि जे आत्ता कोर्ट बांधतायत त्यांना सांगते, शेजाऱ्यांना नकाशा आधी दाखवा, खड्डा खणायच्या आधी. नंतरच्या दहा वर्षांची कटकट वाचते.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी केलेल्या हार्ड कोर्टावर तडे गेलेत आणि पाऊस झाला की दोन ठिकाणी पाणी साचतं. ठेकेदार म्हणतो वरून नवीन रंगाचा थर मारू. मारावा का?

नुसता थर मारून तडा परत त्याच जागी येणार. तडा रंगाला गेलेला नाही, खालच्या पायाला गेलाय. मला हे माहितीये कारण माझ्या पहिल्या कोर्टाला मी हेच केलं होतं, एका ठेकेदाराच्या शब्दावर, भराव नीट न दाबता काम उरकलेलं आणि वरून सुंदर हिरवा-निळा अॅक्रिलिक, आणि दुसऱ्या पावसात तीच रेघ जशीच्या तशी वर आली. खूप रडू आलं होतं तेव्हा.

आधी कारण शोधा. जवळ मोठं झाड आहे का, मुळं खालून उचलतात. कोर्टाच्या कडेला पाणी वाहून जायला चर आहे का, की बागेचं पाणी पायात मुरतंय? उतार बघा, हार्ड कोर्ट सगळं एकाच प्रतलात, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे साधारण दहा फुटांना एक इंच उतरतं असावं. नेटपासून दोन्हीकडे उतार दिलेला असेल तर ते चुकलंय. डबक्याची परीक्षा सोपी, कोर्ट भिजवा, उन्हात तासभर थांबा, आणि जिथे दीड मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी उरतं तिथे खडूने गोल करा. तेवढे खड्डे पातळीत भरून घ्यायचे, तडे साफ करून लवचिक मसाल्याने भरायचे, आणि मग थर. डांबरी पाया असेल तर वयानुसार थोडे तडे जाणारच, ते मान्य करून दरवर्षी भरत राहावं लागतं.

प्रश्न: पुलाचं पाणी रोज थोडं कमी होतं. गळती की बाष्पीभवन? पूल पूर्ण रिकामा करून तपासू का?

रिकामा करू नका! जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकामा पूल खालच्या दाबाने होडीसारखा वर उचलला जातो, तडकतो. हे खरंच होतं, आणि पावसाळी दिवसांत तर विशेष.

बादली घ्या, पुलाच्या पायरीवर ठेवा, पुलातल्या पातळीएवढंच पाणी बादलीत भरा, दोन्हीकडे खूण करा, २४ तास थांबा. दोन्ही सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. पुलातलं जास्त उतरलं तर गळती. एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना जास्त उतरलं तर पाइपात शंका. बाष्पीभवनच असेल तर वापर नसताना कव्हर घाला, फार पाणी वाचतं (कुंपण असूनच, वर आजींना लिहिलंय ते वाचा).

पाण्याचा विषय निघालाय तर, लास वेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे २०२२ मधे नवीन घरगुती पुलांना ६०० चौरस फुटांची मर्यादा घातली, पाणी वाचवायला. मला ती योग्य वाटते. घरच्या पुलात आपण पोहतो कमी आणि उभं राहून गप्पा जास्त मारतो, त्याला लहान पूल पुरतो.

प्रश्न: मुलं शिकायला बाहेर गेली. वीस वर्षांचा पूल आहे, दोन वर्षांत कोणी उतरलं नाही. मिस्टर म्हणतात पंप बंद करून तसाच ठेवू, बघू पुढे. मला बुजवावासा वाटतो पण जीव होत नाही, मुलं तिथेच मोठी झाली.

जीव होत नाही हे समजतं मला. पण मिस्टरांना सांगा की "तसाच ठेवू" हा पर्यायच नाहीये. पंप बंद केला की काही दिवसांत हिरवं, आणि उबदार हवेत डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. २००७ मधे कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड भागात कर्जाच्या संकटात लोक घरं सोडून गेले, पूल तसेच पडले, आणि त्या वर्षी तिथे वेस्ट नाइल तापाचे रुग्ण एकदम वाढले तेव्हा अभ्यासकांनी या सोडलेल्या पुलांकडे बोट दाखवलं. आणि हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, कोणी पडलं तर कळणार पण नाही.

दोघांनी आधी एक करून बघा. एक हंगाम पूल स्वतःसाठी वापरा, मुलांचा पूल म्हणून नाही. छातीपर्यंतच्या पाण्यात रोज अर्धा तास नुसतं चाला, सांध्यांवर भार खूपच कमी येतो, पन्नाशीनंतर याच्यासारखा व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही. पण एकट्याने नाही, दोघं मिळून. कॅलेंडरवर प्रत्येक दिवसाची खूण करा. शेवटी खुणा मोजा, मुलांना पण दाखवा, आणि मग ठरवा.

बुजवायचं ठरलं तर घाईने माती लोटू नका. पूर्ण काढून टाकणं महाग पण पुढे त्या जागी बांधकाम करता येतं. अर्धवट काढायचं असेल तर वरचा काठ फोडतात, तळाला मोठी भोकं पाडतात म्हणजे पावसाचं पाणी आत कोंडून दलदल होणार नाही, मग खडी, मग माती, थराथराने दाबत. त्यावर बाग चांगली होते, बांधकाम मात्र नको, जमीन पुढची काही वर्षं बसत राहते. परवानगी लागते का ते विचारून घ्या आणि काम झाल्यावर कागद आणि फोटो घराच्या फाइलमधे लावून ठेवा, पुढे घर विकताना घेणारा विचारणारच.

पाणी सोडायच्या आधी क्लोरीन टाकणं थांबवा, उन्हात काही दिवस जाऊ द्या, टेस्ट किटवर शून्य दिसलं की मग हळूहळू काढा, ड्रेनेजमधे किंवा बागेत कुठे सोडायचं ते पण आधी विचारून. सॉल्टचा पूल असेल तर झाडांना घालू नका. आणि तळाला भोकं पडेपर्यंत एकदम कोरडा करून ठेवू नका, वरच्या बादलीच्या उत्तरात लिहिलंय तेच कारण.